जुन्या जीपचे नवे इंजिन

जुन्या जीपमधले इंजिन चेन ब्लॉक लावून उतरवणे हे जेमतेम एका दिवसाचे काम. त्या रिकाम्या जागेत नव्या पिढीचे इंजिन बसवून गाडी पुन्हा रस्त्यावर आणायला मात्र महिने जातात, आणि अनेक जीप या दोहोंच्या मधल्या अवस्थेत गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अडकून पडतात. जीपच्या गिअरबॉक्सचे दाते, ॲक्सलच्या शाफ्टची जाडी, रेडिएटर, ब्रेक, कमानी, वायरिंग हे सगळे कारखान्याने एका ठरावीक इंजिनाचा हिशेब धरून बनवलेले असते. इंजिन बदलले की तो हिशेब मोडतो आणि नव्याने मांडावा लागतो. खर्च, वेळ आणि डोकेदुखी यांचा मोठा वाटा इंजिनावर नव्हे, या फेरमांडणीवर जातो.

खुद्द जीप बनवणाऱ्या कंपन्यांनाही हे चुकले नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये ‘गो-डेव्हिल’ नावाचे २,१९९ सीसीचे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. याच इंजिनाची सुधारलेली आवृत्ती म्हणजे ‘हरिकेन’. तिच्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये नेले होते. ताकद वाढली, पण इंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. विलीजने १९५३ मध्ये सीजे-३बी हे मॉडेल आणले, ते बॉनेट आणि पुढची जाळी उंच करून. भारतात महिंद्राने मुंबईच्या माझगावात जुळणीपासून सुरुवात करून पुढे हीच जीप दशकानुदशके बनवली. आपल्याकडच्या पोलीस ठाण्यांत, वनखात्यात आणि साखर कारखान्यांत दिसणारा तो उंच कपाळाचा चेहरा असा इंजिन बदलल्यामुळे घडलेला आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये कैसर कंपनीने सीजे-५ जीपमध्ये ब्यूकचे व्ही-सिक्स इंजिन दिले, तेव्हा गाडीची ताकद एकदम दुपटीवर गेली. एएमसी कंपनीने १९७२ मध्ये आपले सरळ रांगेतले सहा सिलिंडरचे लांब इंजिन त्याच जीपमध्ये बसवायचे ठरवले, तर पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर तीन इंचांनी वाढवावे लागले. कंपनीकडे चॅसिस लांबवण्याची सोय होती. गॅरेजवाल्याला ते तीन इंच फायरवॉल कापून, नाहीतर रेडिएटर पुढे सरकवून मिळवावे लागतात.

महिंद्राने डिझेलकडे वळताना आधी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरवरून आलेले इंजिन जीपला लावले. ऐंशीच्या दशकात पूजोच्या परवान्याने बनलेले २,११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० इंजिन आले. त्यातला ४ हा सिलिंडरचा आकडा आणि ९० हा मिलिमीटरमधला बोअर. एमएम ५४० या जीपची ओळख या इंजिनाशी जोडलेली आहे. त्यानंतर कमांडर, बोलेरो वगैरे गाड्यांतून २,५२३ सीसीचे डीआय इंजिन गावोगाव पोचले. २०१० मध्ये आलेल्या थारमध्ये कंपनीने दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्या वळणाचे डीआय इंजिन ६३ अश्वशक्तीचे होते, तर कॉमन रेल तंत्राचे सीआरडीई १०५ अश्वशक्तीचे आणि २४७ न्यूटन-मीटर टॉर्कचे. दोन्हींचे आकारमान जवळपास सारखे, अडीच लिटर. जुन्या एमएम ५४० वाल्याला सीआरडीईची स्वप्ने पडू लागली ती या आकड्यांमुळे.

जुन्या जीपचे मालक इंजिन बदलायला निघतात त्याची कारणे बहुधा साधी असतात. हरिकेन पेट्रोल खूप पिते आणि त्याचे सुटे भाग शोधत हिंडावे लागते. पूजो इंजिन घाटात दुसऱ्या गिअरवर येते आणि मागे ट्रकची रांग लावते. इंजिनाचे बोअर दोनतीनदा वाढवून झालेले असतात, पुढे वाढवायला धातू उरलेला नसतो. शिवाय आजच्या महामार्गावर पन्नास-साठच्या वेगाने चालणारी गाडी स्वतःला आणि इतरांना धोक्याची ठरते. हौस हेही कारण आहेच. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या चिखल-ओढ्यांच्या स्पर्धांनी तिला जोर दिला. मात्र स्पर्धेची गाडी ट्रेलरवरून नेता येते, स्पर्धा संपली की खोलून दुरुस्त करता येते. तिच्यावरून रोजच्या वापराच्या गाडीसाठी धडे घेणे फसवे ठरते.

कोणते इंजिन निवडायचे, हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. मुरलेले मिस्त्री इथे अश्वशक्ती पाहत नाहीत, नाते पाहतात. त्याच घराण्यातले, त्याच ब्लॉकच्या वंशातले पुढचे इंजिन मिळाले तर अर्धे काम हलके होते. याचे जगभर गाजलेले उदाहरण ब्रिटनमधल्या सिरीज लँड रोव्हरचे आहे. या गाड्यांना १९५८ पासून सव्वादोन लिटरचे पेट्रोल इंजिन होते. १९८९ मध्ये लँड रोव्हरच्याच डिस्कव्हरी गाडीबरोबर आलेले २०० टीडीआय हे अडीच लिटरचे, १११ अश्वशक्तीचे टर्बो डिझेल त्याच ब्लॉकच्या कुळातले. त्यामुळे तीस वर्षे जुन्या सिरीजच्या गिअरबॉक्सला ते थोड्याफार फेरफाराने जोडता येते. तरी अडचण सुटत नाहीच. डिस्कव्हरीत या इंजिनाचा टर्बो खालच्या बाजूला आहे आणि सिरीजमध्ये तो नेमका चॅसिसला अडतो. मग कोणी डिफेंडरचा मॅनिफोल्ड लावतो, कोणी टर्बोच काढून टाकतो.

आपल्याकडे मारुती जिप्सीचे उदाहरण तसेच बोलके आहे. १९८५ मधल्या पहिल्या जिप्सीला ९७० सीसीचे, ४५ अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढे जिप्सी किंगला १,२९८ सीसीचे आले आणि मग त्याच मापाचे एमपीएफआय, ८० अश्वशक्तीचे. मारुती एस्टीमच्या बॉनेटखाली याच घराण्याचे इंजिन असे. भंगारात निघालेल्या एस्टीमचे इंजिन जिप्सीत घालावे हा विचार म्हणूनच अनेकांना सुचला. पण एस्टीमचे इंजिन पुढची चाके फिरवते आणि आडवे बसते, जिप्सीचे उभे. ब्लॉक भाऊभाऊ असले तरी ऑइलचे चेंबर, त्यातली जाळी, मॅनिफोल्ड, पाण्याचे पाइप आणि माउंटिंग जिप्सीचेच लागते. हे सामान हाताशी नसताना नुसते इंजिन विकत घेणारा माणूस पुढचे कित्येक रविवार कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घालवतो.

एमएम ५४० साठी याच न्यायाने पहिली पसंती डीआय इंजिनाला जायला हवी. त्याची अश्वशक्ती पूजोपेक्षा नावालाच जास्त आहे, पण कमी आरपीएमवरचा ओढा बराच मोठा आहे, भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि दुरुस्ती कुठलाही ट्रॅक्टरवाला करू शकतो. सीआरडीई घ्यायचे असेल तर इंजिन एकटे न घेता अपघातात किंवा पुरात बाद झालेली पूर्ण गाडी घेणे परवडते. तीत गिअरबॉक्स, वायरिंगचा पूर्ण गुच्छ, ईसीयू (इंजिनाचा संगणक), ॲक्सिलरेटरचे पेडल आणि किल्लीही मिळते. भंगारवाल्याकडून वायरी कापून आणलेले कॉमन रेल इंजिन स्वस्त पडते आणि त्यातच माणूस अडकतो.

पाना हातात घेण्याआधी कायदा पाहणे शहाणपणाचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेला तपशील आणि नोंदणी पुस्तकातला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी यांसाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याला त्यातून वाट ठेवलेली आहे. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची मंजुरी लागते आणि बदललेल्या इंजिनाचा क्रमांक आरसीवर चढवावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने गाड्यांतल्या बदलांना दिलेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये रद्द केली आणि मूळ तपशिलाचा आग्रह कायम ठेवला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन, पक्क्या बिलासह आणि आधी परवानगी घेऊन बसवले तर मार्ग सरळ असतो. पेट्रोलच्या जागी डिझेल, किंवा एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचे इंजिन, असे बदल आरसीवर चढवून घेणे फार अवघड आहे. असे असूनही रस्त्यावर तशा जीप दिसतात. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जुन्या आणि भंगारातल्या भागांतून जीप उभ्या करण्याचा धंदाच फोफावला. गाडी दिसते म्हणून ती कायदेशीर ठरत नाही, आणि हे अपघातानंतर विम्याच्या दाव्याच्या वेळी कळते. इंजिनाचे बिल घेताना त्यावर इंजिन क्रमांक लिहून घेणे आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघाले तिची कागदपत्रे पाहणे ही किमान काळजी. चोरीच्या गाडीचे इंजिन पदरात पडले तर प्रश्न आरटीओपुरता राहत नाही.

इतर देशांत कायद्याचा विचार वेगळ्या अंगाने होतो. कॅलिफोर्नियात बदललेले इंजिन गाडीच्या सालातले किंवा त्याहून नवे असावे लागते, आणि त्याची धूर-नियंत्रणाची सगळी मूळ सामग्री त्याच्याबरोबर बसवून खास तपासनिसाकडून पास करून घ्यावी लागते. म्हणजे तिथे नवे इंजिन हा प्रदूषण कमी करण्याचा मार्ग समजला जातो. ब्रिटनमध्ये फेरबदल केलेल्या गाडीची मूळ ओळख टिकवण्यासाठी अनेक वर्षे आठ गुण लागत. मूळ चॅसिसला पाच गुण होते, ॲक्सल, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स यांना प्रत्येकी दोन आणि इंजिनाला फक्त एक. गाडीची ओळख कशात असते याचा हा सरकारी हिशेब जीपवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कागद मार्गी लागल्यावर खरे काम सुरू होते ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यापासून. इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स घेतला तर हा सांधा कारखान्याचा राहतो आणि जुळवाजुळव मागे, ट्रान्स्फर केसपाशी सरकते. जीपचा जुना गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर मधे ॲडॉप्टर प्लेट बनवावी लागते. जाड पोलादाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या या प्लेटच्या एका बाजूला इंजिनाच्या बोल्टांची भोके असतात, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सच्या घंटेची, म्हणजे बेल हाउसिंगची. भोके पाडणे कोणत्याही लेथवाल्याला जमते. कस लागतो तो क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आणण्यात.

चांगल्या गॅरेजमध्ये हे काम पाहण्यासारखे असते. घंटा रिकामीच इंजिनावर बसवतात. डायल गेज क्रँकच्या तोंडाला घट्ट धरून त्याची सुई घंटेच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवतात आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवतात. मध्य जुळला असेल तर सुई हलत नाही. सहसा ती हलते. पूर्ण फेऱ्यातला फरक पाच हजारांश इंच, म्हणजे मिलिमीटरचा साधारण आठवा भाग, याच्या आत हवा. जास्त आला तर घंटा बसवणाऱ्या डॉवेल पिना काढून त्या जागी मध्य किंचित सरकवलेल्या पिना घालतात, पुन्हा बोल्ट कसतात, पुन्हा क्रँक फिरवतात. यात अख्खी दुपार जाते, आणि ज्याला घाई असते तो ही पायरी गाळतो. मग क्लच सोडताना गाडी थरथरते, गिअर आपोआप सुटतो आणि गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग लवकरच ओरडू लागते. दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

ॲडॉप्टर प्लेटची जाडीही तितकीच नाजूक गोष्ट. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगमध्ये शिरायला हवे. प्लेट जाड झाली तर टोक बेअरिंगपर्यंत पोचत नाही आणि शाफ्ट अधांतरी फिरतो. पातळ झाली तर टोक क्रँकवर आपटते, क्रँक सतत पुढे रेटला जातो आणि त्याचे थ्रस्ट बेअरिंग जळते. क्लच प्लेट निवडताना व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलला जुळेल असा आणि मधले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळतील असे पाहावे लागते. अशी प्लेट दुकानात तयार मिळेलच असे नाही. मग एकीचे मधले चाक दुसरीत रिव्हेट करून घेतात.

इंजिनाची जागा ठरवताना वर, खाली, पुढे, मागे सगळीकडे अडथळे असतात. जीपचा पुढचा डिफरन्शियल मधोमध नसून एका बाजूला असतो, आणि खड्ड्यात चाक वर उचलले गेले की तो थेट ऑइलच्या चेंबरकडे येतो. म्हणून माउंटिंग वेल्ड करण्याआधी पाटे सोडून ॲक्सल जॅकने पार स्टॉपरला भिडेपर्यंत वर घेतात आणि चेंबरशी किती जागा राहते ते पाहतात. बॉनेटखालची जागा मोजायला इंजिनाच्या उंच भागांवर मऊ चिकणमातीच्या गोळ्या ठेवून बॉनेट लावून काढणे, ही जुनी आणि बिनखर्चाची पद्धत आहे. भारतात स्टिअरिंग उजवीकडे. ज्या इंजिनाचा टर्बो आणि सायलेन्सरचा पाइपही उजवीकडे उतरतो, त्याचे आणि स्टिअरिंगच्या दांड्याचे भांडण ठरलेले. इंजिन खाली घेतले तर डिफरन्शियल अडतो, वर घेतले तर बॉनेट. मागे घेतले तर फायरवॉल, पुढे घेतले तर पंखा रेडिएटरला लागतो. या चौकटीत जी जागा उरते तिथे इंजिन बसते. मालकाच्या मनातली जागा वेगळी असू शकते.

इंजिन मागच्या बाजूला काही अंश कललेले ठेवतात, ते प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉससाठी. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पुढच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा किंचित वाढतो आणि कमी होतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे असतील तर एकाने केलेली चढउतार दुसरा पुसून टाकतो. कोन वेगळे झाले तर गाडी ठरावीक वेगाला घुमते आणि क्रॉस वारंवार बदलावे लागतात. गिअरबॉक्स बदलला की शाफ्टची लांबीही बदलते. कापून जोडलेला शाफ्ट बॅलन्स करून न घेता बसवणे ही काटकसर महाग पडते.

आता दात्यांचा हिशेब. विलीजच्या वंशातल्या जीपच्या ॲक्सलमध्ये ५.३८ हे गुणोत्तर सर्रास असते, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या तुटपुंज्या ताकदीत चढ चढता यावा म्हणून ही योजना. ६.००-१६ मापाच्या टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. शेवटचा गिअर सरळ, म्हणजे एकास एक, धरला तर इंजिन ३,००० आरपीएमवर असताना गाडी ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास चालते. १०५ अश्वशक्तीचे इंजिन घातले तरी या आकड्यात तसूभर फरक पडत नाही. आरामशीर ९० चा वेग हवा असेल तर पाचवा, ओव्हरड्राइव्हचा गिअर असलेला गिअरबॉक्स तरी हवा, नाहीतर ॲक्सलचे दाते बदलायला हवेत. चारचाकी चालन असल्याने दाते पुढचे आणि मागचे दोन्ही बदलावे लागतात. एकच बदलले तर फोर-बाय-फोर लावताक्षणी दोन ॲक्सल एकमेकांशी झुंजू लागतात आणि ट्रान्स्फर केस फुटते.

टॉर्कचा हिशेब याहून भीतिदायक आहे. तीन गिअरच्या जुन्या जीपमध्ये पहिला गिअर टॉर्क २.८ पट करतो, ट्रान्स्फर केसचा लो गिअर २.४६ पट आणि ॲक्सल ५.३८ पट. या तिन्हींचा गुणाकार ३७ च्या घरात जातो. गो-डेव्हिलच्या १४२ न्यूटन-मीटरचे चाकांपाशी सव्वापाच हजार होतात. त्याच साखळीत सीआरडीईचे २४७ घातले तर नऊ हजारांच्या वर जातात. सपाट जमिनीवर टायर घसरतो आणि शाफ्ट वाचतो. पण चाक दोन दगडांत अडकले, टायर घसरायला तयार नाही आणि चालकाने पाय दाबला, की सगळ्यात अशक्त भाग तुटतो. तो भाग बहुधा पुढच्या ॲक्सलचा शाफ्ट, त्याचा जॉइंट किंवा गिअरबॉक्सचा पहिला गिअर असतो. ताकदीचे इंजिन घालणाऱ्याने ॲक्सलचा खर्च त्याच दिवशी हिशेबात धरलेला बरा.

गरम होणे हे इंजिन बदललेल्या जीपचे सर्वांत सामान्य दुखणे. दगडांतून किंवा चिखलातून पायी चालण्याच्या वेगाने जाताना समोरून वारा येत नाही आणि सगळी मदार पंख्यावर असते. पंखा रेडिएटरच्या मध्यावर नसेल, त्याभोवती कवच नसेल, तर तो तीच गरम हवा आत फिरवत राहतो. त्यात टर्बो इंजिनाचा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढ्यात उभा केला की उरलासुरला वाराही अडतो. मोठा रेडिएटर, पूर्ण कवच आणि थर्मोस्टॅटवर चालणारा विजेचा पंखा हा नेहमीचा इलाज. विजेच्या पंख्याला जास्त करंट लागतो, म्हणजे अल्टरनेटर मोठा हवा. एका बदलातून दुसरा निघतो तो असा.

इंधनाच्या बाबतीत दोन पिढ्यांमध्ये मोठी दरी आहे. जुन्या डिझेलचा पंप पूर्ण यांत्रिक. नोझल शे-दीडशे बार दाबाला उघडते आणि इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरजच उरत नाही. ते बंद करायलाही इंधन तोडावे लागते. बॅटरी बुडाली, वायर तुटली, तरी अशी जीप नाल्यातून बाहेर येते, आणि जंगलात काम करणारे लोक आजही तिच्यावर जीव टाकतात तो याचमुळे. कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्या घरात असतो. नोझल किती क्षण उघडायचे हे ईसीयू ठरवतो, आणि त्यासाठी क्रँक, कॅम, हवा, पाणी, पेडल अशा अनेक सेन्सरकडून त्याला खबर लागते. एक खबर आली नाही तर इंजिन सुरू होत नाही, किंवा मरगळलेल्या अवस्थेत चालते. इमोबिलायझर असेल तर किल्लीतली चिप आणि ईसीयू एकमेकांना ओळखीचे असावे लागतात. जुनी टाकी आतून गंजलेली असते. तिच्यातला कचरा यांत्रिक पंपाला एक वेळ पचतो, कॉमन रेलचे इंजेक्टर त्याने कायमचे खराब होतात. म्हणून टाकी साफ करणे किंवा बदलणे, पाणी वेगळे करणारा फिल्टर लावणे आणि उरलेले डिझेल परत नेणारी नळी टाकणे ओघाने येते. ईसीयू डॅशबोर्डच्या आत, उंचावर आणि कोरड्यात बसवतात. बॉनेटखाली खालच्या अंगाला बसवलेला ईसीयू पहिल्याच ओढ्यात दगा देतो.

ब्रेकचा विचार शेवटी होतो, तो आधी व्हायला हवा. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि पायाच्या जोरावर चालणारा मास्टर सिलिंडर. साठच्या वेगाला ते पुरे पडत, नव्वदच्या वेगाला पडत नाहीत. बूस्टर लावायचा तर त्याला व्हॅक्यूम लागते. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये ते आयते मिळते. डिझेलमध्ये हवा अडवणारी झडप नसल्याने मिळत नाही, म्हणून डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरवर किंवा इंजिनावर वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. इंजिनाबरोबर तो न घेणारे लोक पुढे त्याच्यासाठी पुन्हा बाजारात फिरतात. पुढच्या चाकांना डिस्क बसवता आली तर उत्तम. डिझेलच्या जास्त वजनाने पुढच्या कमानी बसतात. एखादा पाटा वाढवून उंची परत आणता येते, पण त्याने स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बिघडले नाहीत ना, हे तपासावे लागते.

एवढ्या खर्चाचा अंदाज कागदावर मांडल्यावर काही मालक मागे फिरतात, आणि त्यांचा निर्णय पुष्कळदा योग्य असतो. मूळ पूजो इंजिनाला नवे लायनर, पिस्टन आणि रिंग घालून, पंप आणि नोझल कॅलिब्रेट करून, रेडिएटरची जाळी साफ केली तर जीप पुन्हा कारखान्यातून निघाल्यासारखी चालते. आरसीत काही बदलत नाही, विम्याचा प्रश्न येत नाही, आणि जुन्या गाडीच्या संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमतही टिकते. इंजिन बदलण्यासाठी सर्वांत योग्य उमेदवार ठरते ती वेगळीच जीप. जिचे मूळ इंजिन आधीच हरवलेले किंवा फुटलेले आहे, चॅसिस सरळ आहे, आणि जिच्यासाठी त्याच कंपनीचे जवळचे इंजिन मिळते आहे, अशी.

बदल पूर्ण झाल्यावर पहिले काही दिवस गाडी लांबच्या प्रवासाला नेत नाहीत. इंजिन प्रथम जागेवरच गरम करून पाण्यातली हवा काढतात, नळ्यांचे सांधे हाताने चाचपतात आणि टर्बोजवळून जाणाऱ्या वायरी-नळ्यांना उष्णतारोधक वेष्टन आहे ना ते बघतात. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर माउंटिंगचे, घंटेचे आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा कसतात, कारण नव्या वेल्डिंगच्या आणि नव्या रबराच्या जागा थोड्या बसतात. माउंटिंगच्या वेल्डला रंग द्यायची घाई करत नाहीत. रंगाखाली तडा दिसत नाही. नंतर लो गिअरमध्ये एखाद्या चढावर पूर्ण भार देऊन तापमानाचा काटा कुठे स्थिरावतो ते पाहतात. पहिले ऑइल लवकर बदलतात आणि ते पांढऱ्या भांड्यात ओतून त्यात धातूचा कीस आला आहे का ते तपासतात. कीस पिवळसर असेल तर बुश किंवा बेअरिंगकडे बोट जाते. लोहचुंबकाला चिकटत असेल तर तो पोलादी भागांचा असतो, आणि तेव्हा गाडी उभी करून तो कुठून येतो हे शोधल्याशिवाय ती चालवत नाहीत.